नवाबची चुनी

नवाबनं घमेल्यात तोंड घातलं, फुर्रकन नाक उडवलं आणि मान फिरवली. तुरीच्या चुनीचा एक दाणाही त्यानं उचलला नाही. गुलफाम कपाळाला हात लावून गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. चुनीत खनिज पावडर कालवायला लागल्यापासून हे रोजचंच झालं होतं.

नवाब हा तिच्या सासऱ्यांचा, इनायतुल्लांचा बोकड. अख्ख्या बाळापुरात त्याच्या तोडीचा बोकड नाही, असं निदान इनायतुल्ला तरी सांगत. आसपासच्या बाया आपल्या बकऱ्या गाभण करवायला त्याच्याकडेच आणत. पण पावसाळा सरला आणि नवाबच्या डोळ्यांभोवतीचे केस गेले. मग गुडघ्यांवर खपल्या धरल्या, मानेची कातडी जाड पडली. बाया बकऱ्या दुसरीकडे नेऊ लागल्या.

इनायतुल्लांनी खरूज ठरवून टाकली आणि करंजाच्या तेलात गंधक कालवून चोळायला सुरुवात केली. नवाब चकचकीत दिसू लागला, बरा मात्र होईना. गुलफाम नुकतीच पशुसखी झाली होती. वस्तीतल्या बकऱ्यांवर लक्ष ठेवायचं, बायांना सल्ला द्यायचा, हे तिचं काम. तिनं जनावरांच्या डॉक्टरबाईंकडून खपली तपासून घेतली. खरजेचे किडे नव्हतेच. अंगात जस्त कमी पडलं होतं. औषध वरून लावून भागणार नव्हतं, पोटात जायला हवं होतं.

"माझ्या कोठ्यात पावडर येनार नाई," इनायतुल्ला म्हणाले. "बकरा पाला खाते. पावडरी माणसं खाते, अन् तरी बिमार पडते."

बकऱ्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गुलफाम गप्प बसली. तिला गप्प बसू दिलं नाही ते शेजारच्या गल्लीतल्या शालूनं. नळावर चार बायांदेखत ती म्हणाली, "आधी आपल्या घरचा बोकड सुधरव, गुलफाम. मंग आमच्या बकऱ्यायले हात लाव."

बोचलं, पण खोटं नव्हतं. नवाब बरा झाला नाही, तर तिला कोणी दारात उभं करणार नव्हतं.

म्हणून ही चोरी चालली होती. सासरे पहाटेच्या नमाजला गेले की गुलफाम तांदळाच्या कोठीमागचा पुडा काढी, पावडर चुनीत कालवी आणि घमेलं नवाबपुढे ठेवी. दुपारी न शिवलेली चुनी उकिरड्यावर टाकी. दुसऱ्या पहाटे पुन्हा कालवी. बोकड हट्टी होता, पण तीही काही कमी नव्हती.

आणि एक दिवस घमेलं रिकामं सापडलं. चाटूनपुसून स्वच्छ. दुसऱ्या दिवशीही तसंच. अखेर स्वारीला चव लागली तर, असं म्हणून गुलफाम एकटीच हसली. घमेल्याभोवती मुंगळे जमू लागले होते, ते तिनं खराट्यानं झाडून टाकले.

घरात मात्र वेगळीच भानगड उपटली. डब्यातला गूळ कमी होऊ लागला. इनायतुल्लांना शुगर होती, गोड कडक बंद. एकदा त्यांचा कुडता धुताना गुलफामच्या हाताला खिसा चिकट लागला. ती तशीच ओला कुडता घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

"अब्बा, लहान लेकरू हाय का तुमी? शुगर वाढली तं पायावर येईन, डॉक्टर काय म्हनले होते?"

ज्या माणसानं आयुष्यात कोणापुढे माघार घेतली नव्हती, तो मान खाली घालून म्हणाला, "गलती झाली, बेटी."

दोन दिवसांनी डबा पुन्हा हलका. गुलफामनं जागा बदलली, तरी हलका. ती चिडे, बोले, त्यांच्या काळजीनं रडकुंडीला येई. ते मुकाट ऐकून घेत आणि नवाबपाशी जाऊन बसत.

थंडी पडेपर्यंत नवाबच्या खपल्या गळाल्या. डोळ्यांभोवती मऊ, काळी लव उगवली. मान पुन्हा ताठ झाली. घरी बायांच्या बचतगटाची बैठक होती त्या दिवशी इनायतुल्ला त्याला दोरीला धरून मुद्दाम अंगणात घेऊन आले. बाया बघतच राहिल्या. शालूनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला.

"चाचा, तेल कोनतं लावलं, आमालेही सांगा न."

गुलफामनं नजर खाली वळवली. श्रेय तेलाला जाणार, हे तिनं मनाशी कबूल केलं होतं. नवाब बरा झाला, तेवढं पुरे होतं.

"तेल?" इनायतुल्ला म्हणाले. "तेलानं बकरा नुसता चमकला. हे तेलाचं काम नोहे." त्यांनी गुलफामकडे बोट केलं. आवाज असा चढवला की गल्लीच्या टोकापर्यंत जावा. "हे माझ्या सुनेचं काम हाय. मी नाई म्हनलं, तरी हिनं पावडर चारली. तो रोज थुंके, हे रोज कालवे. असा जिगर म्या बकऱ्याच्या बाजारात जल्म काढून पाह्यला नाई. आजपासून बकरीले काई झालं तं मले इचारू नका, हिले इचारा."

गुलफामच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं लपवलं नाही. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं. शालू तिच्याजवळ सरकून बसली आणि माझ्याही बकरीला उद्या बघशील का, म्हणून हळूच विचारती झाली.

इनायतुल्ला नवाबला घेऊन गोठ्याकडे निघाले. दारात थांबले आणि बायांकडे वळून म्हणाले, "एक ध्यानात ठेवजा. नुसती पावडर बकरी खात नाई, वरून गूळ कुस्करून टाका लागते. पन गूळ घरात सांगून घेजा. नाई तं सुनेचं बोलनं खा लागते."