पूर्ण पत्ता

ठेकेदाराच्या टिप्परखाली नवरा गेला. केस टाकल्यावर धमक्या आल्या, म्हणून इंदूबाईनं गुपचूप नंदनवन वस्तीत खोली घेतली. मग कोर्टातून फाईलच गहाळ झाली. ती शेवटची कोणाकडे होती, एवढंच तिनं माहिती अधिकारात कोर्टाला विचारलं. अर्जावरचं तिकीट भाताच्या शितानं चिकटवलं. पूर्ण पत्ता लिहिणं भाग होतं, तोही लिहिला. आज दुपारी उत्तर आलं: 'मागितलेली माहिती देता येत नाही.' ती पुन्हा वाचत असतानाच दारात ठेकेदार उभा राहिला, चपला काढून, हसत. "वहिनी, काहून कोर्टाले त्रास देऊन राहिल्या? मलेच विचारायचं ना." त्यानं घडी घातलेला कागद तिच्या हातावर ठेवला. तिचाच अर्ज, झेरॉक्स नव्हे. तिकिटाखालचं वाळलेलं शीत तिच्या बोटाला टोचलं. "पत्ता बाकी मस्त लिहिला तुम्ही," तो म्हणाला. "घर सापडायले काहीच वेळ नाही लागला."