वडिलांची सही

"आपला नेहमीचा मराठी डॉक्टर आता तिथं बसतो, समजून घेईल," म्हणत नीलाताईंनीच लेकीला गुडगावच्या नव्या चकचकीत हॉस्पिटलात आणलं होतं. मुलगा म्हणून वाढलेल्या मयुराला आता बाईची हार्मोन्स सुरू करायची होती. घराखालचा केमिस्ट चिठ्ठीशिवाय गोळ्या द्यायला तयार होता, पण जिवाशी खेळ नको म्हणून ती रक्ताचे, लिव्हरचे सगळे रिपोर्ट घेऊन आली. डॉक्टरांनी फाइल उघडलीच नाही. "वहिनी, आधी साहेबांची सही आणा," ते म्हणाले, "बापाला विचारायला नको?" बत्तीस वर्षांची, ऑफिसची टीम सांभाळणारी मयुरा मान खाली घालून उठली. नीलाताईंनी तिला हाताला धरून बसवलं आणि पर्समधली स्वतःच्या गोळ्यांची स्ट्रिप टेबलावर आपटली. "गर्भाशय काढल्यावर हेच हार्मोन मला तुम्हीच दिलंत ना, पाच मिनिटांत? तेव्हा माझ्या बापाची सही मागितली होतीत? आता मुकाट्यानं पोरीची फाइल उघडा!"