एकाच पानावर

सानगडीचा केवळराम मॅट्रिकच्या इंग्रजीला चौथ्यांदा बसणार होता. बायको मंदाबाई मांडीवर पानं-तंबाखूचं सूप घेऊन विड्या वळत होती आणि हे महाशय शेजारी बसून डिक्शनरी घोकत होते.

"कन्सील म्हंजे लपवणे. कन्डेम म्हंजे धिक्कारणे. कन्फेस म्हंजे... कन्फेस म्हंजे..."

"कबूल करणे," सुपावरची मान वर न करता मंदाबाई म्हणाली.

"तुले कसं येते वं?"

"चार सालापासून तुमी याच पानावर बसून राहिले ना जी."

केवळरामाने डिक्शनरी तिच्यापुढे सरकवली आणि तिचं सूप आपल्या मांडीवर ओढलं. "मंग पेपर तूच दे. मी वळतो विड्या."

"वळा. पण ठेकेदार एकेक विडी तपासून घेते. तिथं बी नापास व्हाल."