गलबताची पहिली प्रत

मंदाताईंनी घडवलेल्या छोट्या गलबताची पहिली प्रत साच्यातून निघाली, तेव्हा साचेवाल्या विश्रामने मुद्दाम हातमोजा काढला. प्रती ओतायला नवं रेझिन आल्यापासून, नमुना घडवणाऱ्याच्या मनात जे असेल ते प्रत्येक प्रतीत उतरायचं आणि हातात घेणाऱ्याला जाणवायचं. म्हणून साचेवाल्याने नमुन्याला उघडा हात लावायचा नाही, असा कारखान्याचा नियम होता. बावीस वर्षं लोक प्रती कुरवाळून मंदाताईंचंच नाव घेत होते. या बाईच्या मनात असतं तरी काय, हे विश्रामला एकदा बघायचं होतं.

त्याने प्रत मुठीत धरली आणि त्याची छाती जळजळली. ही आग त्याच्या चांगल्या ओळखीची होती.

"नमुन्याला माझाच हात लागला असणार," तो पुटपुटला आणि रबरी साचा कापून टाकायला त्याने सुरी उचलली.

"अहो विश्रामभाऊ, डोकं फिरलं का? उद्या प्रदर्शन आहे!" मंदाताई दारातून ओरडल्या.

"ताई, माझा मत्सर उतरलाय यात. तुमचं नाव जाईल."

मंदाताईंनी प्रत हातात घेतली आणि त्या ओशाळून हसल्या.

"तुमचा नव्हे हो, माझा आहे तो. गलबत घडवताना समोर तुमचा आधीचा एक साचा होता. दोन भाग जुळवता, पण जोडाची रेघ शोधून सापडत नाही. मला डोलकाठीचा एक सांधा लपवायला तीनदा पुटी भरावी लागते. जळू नको तर काय करू?"

विश्रामने सुरी खाली ठेवली. त्याला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.

"जोडाचं काय म्हणालात?" त्याने विचारलं. "जरा मोठ्याने सांगा."