देवीचं मोकळं कपाळ

"सूनबाई, ही पोरं आहेत की माकडं?" संग्रहालयात शिरल्यापासून माझं तोंड थांबलं नव्हतं. थोरला तोफेवर चढला होता आणि धाकटीचे हात दारात खाल्लेल्या बर्फाच्या गोळ्याने लाल झाले होते.

सून दोघांना आवरत होती, तेवढ्यात मला कोपऱ्यात दगडाची देवी दिसली. कपाळ मोकळं! एवढे दागिने ल्यालेली सवाष्ण, आणि कुणाला कुंकू लावायची बुद्धी झाली नाही? मी पिशवीतली डबी काढली आणि ठसठशीत कुंकू लावलं.

"हे कुणी केलं?" रखवालदार ओरडत आला. "हजार वर्षांची मूर्ती आहे, बाई!" सगळे वळून बघायला लागले. सुनेने धाकटीचे लाल हात पाहिले आणि तिला एक ठेवून दिली. घरात कुणाचं ऐकून न घेणारी मी, तिथे मात्र कुंकवाचं बोट पदरात लपवलं.

बाहेर पायरीवर, हुंदके देतच, धाकटीने ते बोट शोधून काढलं आणि फ्रॉकने पुसलं. मघाशी तिने सगळं पाहिलं होतं.

"कुणाला सांगू नकोस हं, आजी," ती कुजबुजली. "आई तुलापण मारेल."