डोळ्यांपर्यंतचं माप

"आत्ता नको, स्केंदर. जेवणानंतर ये, मग बघू," एवढं म्हणून मुकादम लोरिस फळ्यांच्या कुंपणाआड गेला, आणि स्केंदरच्या गळ्यात अख्खी सकाळ पडली.

कामाचे बूट त्याने घरूनच घालून आणले होते. सोमवारी या बांधकामावरचा एक गवंडी काम सोडून गावी गेला, ही बातमी त्याच्या कानावर आली होती. परांचीवरून पडून स्केंदरचा खांदा मोडला त्याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत बोलोन्या शहरातल्या किती मुकादमांसमोर तो उभा राहिला, याची गणती त्याने सोडून दिली होती. लोरिस मात्र परका नव्हता. नऊ वर्षं दोघे एकाच परांचीवर उभे राहिले होते. "आज नाही झालं तर पुन्हा कोणाला विचारणार नाही," असं तो बायकोला, वाल्बोनाला, सांगून निघाला होता. तिने त्याच्या कामाच्या विजारीला इस्त्री करून दिली होती.

मग तो फिरला. उभ्याउभ्या एक कॉफी घेतली, दुसरी बसून घेतली. कॉफी-बारमधला खेळांच्या बातम्यांचा गुलाबी पेपर सायकल शर्यतींच्या निकालांसकट वाचून काढला. कमानींखालून चौकात गेला आणि चर्चच्या पायऱ्यांवर उन्हात बसला. एका जोडप्याने त्याच्या हातात फोन देऊन फोटो काढायला लावला आणि "मजा आहे बुवा तुमची, रोज इथे बसायला मिळतं!" असं म्हणून ते हसत निघून गेले. मजा होतीच. ऊन कोवळं होतं, दगड गरम होता, कुणाला कसली घाई नव्हती. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, पण स्केंदरला लावायला भिंतसुद्धा कोणी देत नव्हतं. त्याला रडू येईल असं वाटलं, म्हणून तो उठला आणि पुन्हा चालायला लागला.

दीड वाजता तो कुंपणापाशी परत आला. नेरियो आणि ग्वाल्तिएरो हे दोन म्हातारे आपल्या जागी हजर होते. नेरियोने उभा जन्म बस चालवली, ग्वाल्तिएरोने शिंपीकाम केलं. बांधकामातलं दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं, तरी हात पाठीमागे बांधून फळ्यांच्या फटीतून रोज ते ही इमारत बांधून घेत होते. फट एकच होती. स्केंदर त्यांच्यामागे टाचा उंचावून उभा राहिला.

"बूट काय चमकतायत रे!" नेरियो म्हणाला. "कामाला आलायस की मुलगी बघायला?"

"त्याला नका छळू हो," ग्वाल्तिएरो म्हणाला. "तो काही आपल्यासारखा रिकामटेकडा नाही."

स्केंदरचं लक्ष आत होतं. पोरसवदा गवंडी भराभर विटा चढवत होता, आणि डावीकडचा कोपरा बाहेर झुकत चालला होता. तीन थर त्याने दातओठ खाऊन पाहिले. चौथ्याला त्याच्याने राहवलं नाही.

"लोरिस! कोपरा बघ. बाहेर जातोय!"

लोरिसने हातातलं काम टाकलं आणि ओळंबा सोडला. काम थांबलं. दोन बोटांचा फरक निघाला. आतून कोणीतरी शिवी हासडली, विटा पुन्हा उतरू लागल्या.

"वा रे पठ्ठे! इतक्या लांबून?" नेरियोने त्याच्या पाठीवर थाप मारली. ती दुखऱ्या खांद्यावर बसली, पण स्केंदर हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला आपण गवंडी आहोत असं वाटलं.

थोड्या वेळाने कुंपणाचं दार उघडलं. लोरिसच्या हातात मोजपट्टी होती.

"इकडे ये, स्केंदर. सरळ उभा राहा. माप घ्यायचंय."

कसलं माप, हे त्याने विचारलं नाही. विचारलं तर लोरिसचं मन फिरेल अशी त्याला भीती वाटली. तो फळीला पाठ लावून ताठ उभा राहिला. खांदा बरा आहे हेही दिसू दे, म्हणून त्याने दात आवळून उजवा हात वर उचलला, थेट डोक्याच्या वर. डोळ्यांत पाणी आलं, पण हात खाली आणला नाही.

"हात राहू दे," लोरिस हळूच म्हणाला. "मला फक्त डोळ्यांपर्यंत हवंय."

त्याने जमिनीपासून पट्टी ताणली, पेन्सिलीने फळीवर रेघ मारली.

"उद्या इथे खिडकी कापून देतो. हे दोघे म्हातारे तुझ्याच उंचीचे आहेत. चवड्यांवर किती वेळ उभा राहशील? तुझी नजर अजून पक्की आहे. काही चुकलं तर हाक मारत जा."

"आणि ती जागा?"

"सकाळीच एक माणूस घेतला." लोरिस पट्टी गुंडाळत राहिला. "असा हात असताना तुला वर चढवायचं माझं धाडस नाही रे."

दार लागलं. आत थापीचे आवाज पुन्हा सुरू झाले. स्केंदर त्या रेघेसमोर उभा राहिला.

नेरियो फटीपासून बाजूला सरकला आणि त्याने स्केंदरला दंडाला धरून जवळ ओढलं.

"ये, इथे उभा राहा. लाजतोस काय? आता तू आमच्यातलाच."

बोटीतून या देशात उतरल्यापासून चौतीस वर्षं स्केंदर कोणाच्या तरी तोंडून हेच ऐकायची वाट बघत होता.