ठिपका

तपासणीबाईंनी लगद्याचा ताव उजेडाच्या काचेवर पसरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मधोमध काळा ठिपका! लाकूड रसायनात शिजवून केलेला हा शुद्ध लगदा औषधाच्या गोळ्यांत जायचा. ठिपका म्हणजे कुठेतरी लाकूड कच्चं राहिलं, म्हणजे अख्खा घाणा बाद. त्यांनी दुसरा ताव घेतला, मग तिसरा. ठिपका होताच, आणि अगदी त्याच जागी.

"मला तर काही दिसत नाही," फोरमन वाकून वाकून बघत म्हणाला. "पण बाई, बावीस वर्षांत तुमची नजर कधी चुकली नाही. तुम्ही म्हणाल तर आत्ता सगळं ओतून देतो."

बाईंनी तळहाताने उजवा डोळा झाकला. ताव दुधासारखा स्वच्छ. हात काढला, तर ठिपका परत हजर.

फोरमन त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्या 'ओता' म्हणाल्या असत्या, तरी कोणी ब्र काढला नसता.

"माल चांगला आहे, जाऊ दे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून काचेवर ठेवलं, लाल शिक्का उचलला आणि स्वतःच्याच फोटोवर ठासून मारला : 'नापास'.